फ्लॅपमागचा स्टिकर आणि नऊ महिन्यांचं पेट्रोल

गाडी घेऊन नऊ महिने झाले, चौदा हजार किलोमीटर पळाली. दोन लिटर टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. बाकीचे आकडे तुम्हाला पाठच असतील, ते उगाळत बसत नाही. लिहायला बसलो ते सर्व्हिस सेंटरमधल्या भांडणामुळे. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला म्हणून गाडी नेली, तर काउंटरवरच्या गृहस्थांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "सर, साधं पेट्रोल टाकलंत ना?"

टाकलं होतं. पण आधी स्टिकरबद्दल बोलू.

पेट्रोलच्या फ्लॅपच्या आतल्या बाजूला काडेपेटीएवढा स्टिकर आहे. त्यावर ठळक '९८' आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात 'किमान ९५'. हे पेट्रोलच्या ऑक्टेनचे आकडे; ९८ म्हणजे महागडं प्रीमियम, ९५ म्हणजे साधं. प्रीमियम की रेग्युलर हा सगळा वाद या 'किमान' शब्दाशी येऊन थांबतो, आणि नेमका तोच शब्द वाचायला मला चष्मा लावून वाकावं लागतं. मॅन्युअलमध्ये आणखी एक तळटीप सापडली: जाहिरातीतली ताकद ९८ वर मोजलेली आहे, ९५ वर ती थोडी कमी मिळेल. एवढंच. ९५ टाकलं तर काही बिघडेल असं कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या फ्लॅपवर एकच आकडा असेल आणि त्याच्याआधी 'किमान' असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, तेवढं टाका.

आकड्यांचा एक घोळ मात्र मीही घातला. मॅन्युअलच्या तक्त्यात ९५ च्या शेजारी ९१ लिहिलेलं बघून मी खूश झालो होतो, म्हणजे सगळ्यात स्वस्तातलं चालतंय! तर तसं नाही. ९५ हा आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर; शेजारचा ९१ अमेरिकी पद्धतीचा. अमेरिकेतल्या पंपावर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तेच पेट्रोल तिथे चार-पाच आकड्यांनी हलकं दिसतं. तक्ता वाचताना वरचं शीर्षक वाचा, एवढंच सांगतो.

पहिले दोन महिने इमानदारीत ९८ भरलं. मग कंजूषपणा जागा झाला. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे माहीत होतंच. मोजपट्टीच मुळी अशी आहे की नॉर्मल हेप्टेनला शून्य, आयसोऑक्टेनला शंभर, आणि आपलं पेट्रोल त्या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतकं टिकाव धरतं ते बघायचं. टिकाव म्हणजे ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्वाळा पोहोचायच्या आत दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटायचं नाही. लिटरमागे ऊर्जा जवळपास तेवढीच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

पुढचे तीन महिने ९५. दर वेळी नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, वहीत नोंद. ९८ वर सरासरी लिटरमागे ११.८ किलोमीटर, ९५ वर ११.४. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आतला फरक, आणि दरातला फरक त्याच्या दुपटीहून जास्त. शहरातल्या रहदारीत चालवताना तर डोळे बांधून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. 'प्रीमियम म्हणजे शुद्ध उधळपट्टी' असं या लेखाचं पहिलं वाक्य तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

ते खोडावं लागलं एका घाटात. ऐन उन्हाळा, चार माणसं, डिकी भरलेली, एसी पूर्ण. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला मागे टाकायला पाय दाबला आणि गाडीने क्षणभर विचार केला. आवाज नाही, धक्का नाही, नुसता आळस. शेजारी बसलेल्या भावाच्या हातात मी स्कॅनरचं ॲप दिलं होतं. तो आकडे वाचत होता: आत जाणारी हवा ५४ अंश, तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग पाच अंश मागे. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर नावाचा कान बसवलेला असतो. पेट्रोल वेळेआधी पेटल्याची कुजबुज त्याला ऐकू आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ओढ जाते. पुढच्या आठवड्यात त्याच घाटात, तेवढीच माणसं आणि ९८ ची दुसरी टाकी, तर टायमिंगचा तोच आकडा एक अंशाच्या पुढे गेला नाही. दुसरी टाकी मुद्दाम म्हणतोय. पहिल्या टाकीत जुनं मिसळलेलं असतं आणि ईसीयूही सावकाशच विश्वास टाकतो. 'एकदा भरून बघितलं, काही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तेव्हा उधळपट्टी हा शब्द मागे घेतो, पण अर्धाच. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ साली प्रीमियमची फक्त शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा सरासरी मायलेज २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. माझ्या वहीशी ते बऱ्यापैकी जुळतं. रोजच्या ऑफिसवारीसाठी १.४ टक्के ताकद घेऊन मी काय करू? सिग्नलला पहिला पोहोचून लाल दिवा बघत बसू?

आता भांडण. गाडीने दाखवलेला बिघाडाचा कोड होता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. सेंटरचं म्हणणं, पेट्रोल हलकं, वॉरंटीत बसत नाही, टाकी रिकामी करून इंजेक्टर साफ करावे लागतील, खर्च तुमचा. मी स्टिकरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "सर, हे किमान आहे." मी म्हटलं, "अहो, किमान म्हणजे चालतं!" यावर वीस मिनिटं गेली. शेवटी मागून एक वयस्कर मेकॅनिक हात पुसत आले, काही न बोलता दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल केली आणि गाडी चालू करून फिरवून आणली. कोड आता पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता. पेट्रोल चारही सिलिंडरना एकच जातं, ते कसं सरकेल? कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली, अकरा दिवसांनी. माफी नाही.

उलट जाताना सल्ला मिळाला: "प्रीमियमच टाका, व्हॉल्व्ह स्वच्छ राहतात." डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही. डिटर्जंट कितीही चांगला असो, जिथे पोहोचतच नाही तिथे काय धुणार? इंजेक्टर स्वच्छ ठेवेल, ते मान्य. व्हॉल्व्हवरचा कार्बन काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात, तो वेगळा खर्च. शिवाय काही पंपांवर प्रीमियम नावाखाली ऑक्टेन तेवढंच असतं, फक्त ॲडिटिव्ह वाढवलेलं. नाव वाचू नका, आकडा वाचा.

सध्या माझं असं चाललंय: एरवी ९५, उन्हाळ्यात लांबचा प्रवास किंवा घाट असेल तर आदल्या टाकीपासून ९८. कधी अर्धं-अर्धं, सरळ सरासरी धरायची, ९६-९७ च्या आसपास पडतं. एकदा नाइलाजाने ९१ (आरओएनच, अमेरिकी नव्हे) भरावं लागलं होतं. तेव्हा दहा लिटरच घेतलं, पाय हलका ठेवला, आणि तरीही एका चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज ऐकला. तो परत ऐकायचा नाही.

कॉइल बसवून गाडी परत आली तेव्हा लखलखत धुतलेली होती. पंपावर फ्लॅप उघडला तर आत स्टिकरच्या जागी नुसता चिकट चौकोन. प्रेशरच्या पाण्याने उडाला म्हणे. नवीन मागवलाय, पार्ट नंबर मिळालाय, स्टॉकमध्ये नाही. तोपर्यंत मार्करने मीच लिहून ठेवलंय, आणि 'किमान' मोठ्या अक्षरात.