एडेन्सर: नोकरांची घरं, पण थाट बघा!

इंग्लंडमधल्या डर्बीशरला चॅट्सवर्थ (ड्यूक ऑफ डेव्हनशरची इस्टेट) बघायला गेलात तर मोठ्या महालातच सगळा दिवस घालवू नका, पार्कातून चालत एडेन्सरला जा (उच्चार 'एन्झर', मी आधी भलतंच म्हणत होतो). इस्टेटीवरच्या कामगारांसाठी सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने 1838 ते 1842 च्या आसपास वसवलेलं हे गाव. काम जोसेफ पॅक्स्टनकडे, तोच तो माळीबुवा ज्याने पुढे लंडनमधलं 1851 चं क्रिस्टल पॅलेस (काचेचं भलंमोठं प्रदर्शनगृह) उभं केलं, आणि सोबत आर्किटेक्ट जॉन रॉबर्टसन.

गंमत म्हणजे घरं एका छापाची नाहीत. एकाला स्विस शॅलेसारखं (डोंगरातल्या लाकडी घरासारखं) पुढे आलेलं छप्पर, शेजारी इटालियन वळणाचं, मग ट्यूडर (जुन्या, सोळाव्या शतकातल्या इंग्लिश) पद्धतीच्या उंच चिमण्या, म्हणजे कॅटलॉग उघडून सगळंच ऑर्डर केल्यासारखं वाटतं खरं, पण दगड बहुतेक एकाच जातीचा आणि दारं-खिडक्या इस्टेटीच्या ठरलेल्या निळ्या रंगाच्या, त्यामुळे डोळ्याला खुपत नाही. मला स्वतःला शॅलेवालं सगळ्यात आवडलं, बायकोला चिमण्या.

आत जाता येत नाही हं, लोक राहतात तिथे, फोटो काढताना जरा भान ठेवा. चर्च गिल्बर्ट स्कॉट या व्हिक्टोरियन आर्किटेक्टचं आहे, त्याच्या मागच्या स्मशानात पॅक्स्टनची कबर. तिकीट नाही. चढ आहे थोडा, आईला गुडघ्याचा त्रास म्हणून ती खालीच चहा-स्कोन घेत बसली आणि खूश होती. पाचपैकी साडेचार.