‘सायबर एक्स्पर्ट’ म्हणवणाऱ्याने पैसे घेतले आणि चोरीचा पुरावाच नासवला, छोट्या कारखानदारांनी जरूर वाचा

भोसरी एमआयडीसीत आमचा जिग-फिक्स्चरचा (मशीनवर पार्ट पक्का धरायची साधनं) छोटा कारखाना आहे, मिस्टर शॉप बघतात, मी अकाउंट्स आणि ऑफिस. स्वतःला सायबर फॉरेन्सिक एक्स्पर्ट म्हणवणाऱ्या एका माणसाने आमच्याकडून ८५ हजार रुपये घेतले. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण खरं नुकसान वेगळंच आहे, आमच्या हातात चांगला धडधडीत पुरावा होता तो त्याने आमच्याच टेबलावर बसून खराब केला आणि तो आता कोणीही पूर्ववत करून देऊ शकत नाही. डिझायनर सोडून जातो आणि जाताना ड्रॉइंग्ज घेऊन जातो हे आपल्याकडे गल्लोगल्ली चालतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचा डिझायनर राजीनामा देऊन गेला, नोटीस पिरियड पूर्ण केला, लॅपटॉप जमा केला, रजिस्टरला सही केली. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला होता, दुसऱ्या कोणाला दिला नव्हता. काही महिन्यांनी एका जुन्या कस्टमरच्या परचेसमधून मिस्टरांना फोन आला, की तुमचंच ड्रॉइंग दुसऱ्या पार्टीच्या कोटेशनला लागून आलंय बघा, फक्त टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची कंपनीच्या नावाची चौकट) बदललाय. मागवून बघितलं तर खरंच. आमच्या नोट्समध्ये हार्डनिंगचं स्पेलिंग वर्षानुवर्षं एक अक्षर गाळून लिहिलेलं आहे, ते सुद्धा जसंच्या तसं उतरलेलं!

मग एका सप्लायरच्या ओळखीतून हा माणूस आला. कार्डावर ‘सरकारमान्य’, बोलायला गोड, मिस्टरांना दादा, मला ताई. म्हणाला पोलिसांकडे आधी गेलात तर लॅपटॉप जप्त होईल आणि वर्षभर लॅबमध्ये पडेल, माझा रिपोर्ट घेऊन जा, डायरेक्ट एफआयआर होईल, कोर्टात १०० टक्के चालतो. निम्मे पैसे आधी, कॅश. बिल हवं असेल तर १८ टक्के वर, असं म्हणाला आणि ते बिल शेवटपर्यंत दिलं नाही.

त्याने काय काय केलं ते नीट वाचा, कारण त्या वेळी हे सगळं एकदम एक्स्पर्टसारखंच दिसतं. लॅपटॉप चालू केला, पासवर्ड माझ्याकडून घेतला, ऑफिसच्या वायफायला जोडला. लॅपटॉप इतके महिने बंद होता, त्यामुळे लगेच विंडोजचे अपडेट सुरू झाले, दोनदा रीस्टार्ट झाला. मग स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून डिलीट फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर इन्स्टॉल केलं. ड्रॉइंग फाइल एकेक करून उघडल्या, स्क्रीनशॉट काढले, काही सेव्ह पण झाल्या. संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत टाकून घरी घेऊन गेला, पावती नाही, सील नाही, सिरियल नंबर कुठे लिहिलेला नाही. आठवड्याने ४० पानी रंगीत रिपोर्ट दिला, वर शिक्का, आत स्क्रीनशॉटच स्क्रीनशॉट. उरलेले पैसे तेव्हा घेतले.

रिपोर्ट घेऊन वकील मॅडमकडे गेलो, त्यांनी दहा मिनिटं चाळला आणि विचारलं, इमेज कुठे आहे? आम्हाला वाटलं फोटो. त्यांनी मग त्यांच्या माहितीतल्या एका खऱ्या तपासनीसाला बोलावलं आणि त्या सरांनी जे समजावलं ते ऐकून मिस्टर अक्षरशः डोकं धरून बसले.

मूळ डिस्कवर कामच करायचं नसतं. डिस्क बाहेर काढून राइट ब्लॉकर नावाच्या डब्यातून जोडतात, त्यातून वाचता येतं पण डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही, आणि मग डिस्कची बिट-बाय-बिट कॉपी काढतात, तिला इमेज म्हणतात. फक्त दिसणाऱ्या फाइल नाही, रिकामी जागा सुद्धा कॉपी होते, कारण डिलीट केलेलं तिथेच पडलेलं असतं. मग मूळ डिस्कचा आणि कॉपीचा हॅश काढतात. हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून गणित करून निघालेला आकडा, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी अख्खा आकडा बदलतो. दोन्ही हॅश जुळले की कॉपी तंतोतंत, आणि पुढचं सगळं काम कॉपीवर. मूळ डिस्क सीलबंद, आणि ती कोणाकडून कोणाकडे कधी गेली याची प्रत्येक वेळी सहीसकट नोंद, याला ते चेन ऑफ कस्टडी म्हणतात.

आमच्या केसमध्ये कपाटातला लॅपटॉप म्हणजे डिझायनरने शेवटचा बंद केला त्या क्षणाला जसा होता तसाच थांबलेला होता. कुठला पेनड्राइव्ह, कुठली एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली, तिचा सिरियल नंबर, पहिल्यांदा जोडल्याची तारीख, हे विंडोज रजिस्ट्रीत (त्याची आतली नोंदवही) आणि लॉगमध्ये स्वतःच लिहून ठेवतं. कुठली फाइल कुठल्या ड्राइव्हवरून उघडली हे शॉर्टकट फाइलींमध्ये राहतं. यातलं काही अजूनही आहे, पण त्यावर आता आमच्या ‘एक्स्पर्ट’चा पेनड्राइव्ह, त्याचं सॉफ्टवेअर, विंडोजचे अपडेट आणि डिझायनर गेल्यानंतरच्या तारखा बसल्यात. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की माझा अशील लॅपटॉप देऊन गेल्यावर या फाइल सेव्ह कशा झाल्या, आणि आठवडाभर लॅपटॉप कोणाच्या घरी होता, तिथे कोणी काय घातलं कशावरून. याला आमच्याकडे उत्तर नाही. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवाली नवीन प्रकारची डिस्क, होती हे आणखी वाईट. एसएसडीत ट्रिम म्हणून प्रकार असतो, मशीन चालू राहिलं की डिलीट झालेल्या डेटाची जागा ती आतल्या आत साफ करत जाते, म्हणजे नुसतं चालू ठेवण्यानेही पुरावा जातो.

आणि आता फसवणुकीचा खरा पुरावा. रिपोर्टमध्ये हॅशचं एक पान होतं, एमडी५ म्हणून, ही हॅश काढायची एक पद्धत. लॅपटॉपची डिस्क, मेलचा फोल्डर, ड्रॉइंगचा फोल्डर, तिघांसमोर तोच आकडा, डी४१डी८सीडी९८ ने सुरू होणारा. सरांनी बघताच ओळखला. तो रिकाम्या फाइलचा एमडी५ आहे, शून्य बाइटचा, जगात कुठेही रिकाम्या फाइलवर काढा हाच येतो. म्हणजे याने इमेज काढलीच नव्हती, नेटवरून उचलून पान भरलं होतं. तीन वेगळ्या गोष्टींचा हॅश एकच असूच कसा शकतो, हे संगणकातलं काही न कळणाऱ्यालाही विचारता येईल.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडावं लागतं ते सर्टिफिकेट पण तसंच. त्याने जुन्या पुरावा कायद्याच्या ‘कलम ६५बी’चं जोडलं होतं. पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं आणि त्याचा ठरलेला फॉर्म कायद्याच्या शेवटी दिलेला आहे, पार्ट ए ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याने भरायचा, पार्ट बी तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश लिहायचा असतो. याने सगळीकडे स्वतःच सह्या मारलेल्या. सर्टिफिकेट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असं कोणी म्हणालं तर आपल्या जालन्याची केस सांगा. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल या उमेदवारांत वाद झाला, निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होतं, सरकारी ऑफिसचं! तरी मागून मागून सर्टिफिकेट मिळालं नाही म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कॉपी दाखल करायची तर सर्टिफिकेट लागणारच.

रिपोर्टचं विचारायला फोन केला तर आधी म्हणाला ताई कमी पडत असेल तर अजून स्क्रीनशॉट ‘बनवून’ देतो. बनवून! मिस्टरांनी तिथेच फोन ठेवला. कोणी असं म्हणालं तर त्याच्याकडून एक कागद सुद्धा घेऊ नका, खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा आपल्याच अंगावर येतो. त्यानंतर त्याचा नंबर बंद.

आमचं थोडं वाचलं ते वेगळ्या कारणाने. डिझायनरचा कंपनी मेल आम्ही डिलीट न करता सस्पेंड केला होता. गूगल वर्कस्पेसमध्ये (गूगलची ऑफिससाठीची मेल आणि फाइल ठेवायची सेवा) ड्राइव्हचे लॉग साधारण ६ महिने राहतात, त्यात नोटीस पिरियडमधले ढीगभर डाउनलोड तारीख-वेळ-आयपीसकट सापडले. ते आम्ही सरांच्या समोर काढले, हॅश घेतला, यावेळी पार्ट ए मी भरला. त्यावर तक्रार दिलीय, आयटी ॲक्टच्या ४३ आणि ६६ खाली. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांपुढे कलम ४६ खाली ५ कोटींपर्यंत दावा करता येतो हेही वकील मॅडमकडूनच कळलं, तो अर्ज तयार होतोय. त्या ‘एक्स्पर्ट’वर फसवणुकीची वेगळी तक्रार आहे, भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम ३१८ खाली.

तुमच्याकडे असं काही झालं तर मशीन बंद असेल तर बंदच राहू द्या, आयटीवाला पोरगा लगेच फॉरमॅट मारून नवीन माणसाला द्यायच्या मागे असतो त्याला थांबवा. चालू असेल तर मात्र घाईने प्लग खेचू नका, डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर बंद केल्यावर रिकव्हरी कीशिवाय ती उघडणार नाही असं होऊ शकतं, आधी जाणकाराला फोन करा. दोन साक्षीदारांसमोर सिरियल नंबरसकट फोटो काढा, पाकिटात घालून सही-तारखेने सील करा. मेल अकाउंट सस्पेंड करा, डिलीट नको, वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवसांतच परत आणता येतो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच काढून घ्या, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, जुन्यावरच नवीन लिहितो. खाजगी तज्ज्ञ घेऊच नका असं मी म्हणत नाही, आमचे सर खाजगीच आहेत. पण ‘सरकारमान्य’ म्हणत असेल तर आयटी ॲक्टच्या कलम ७९अ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुरावा तपासायची सरकारी मान्यता देणारं नोटिफिकेशन मागा, आणि राइट ब्लॉकर टेबलावर ठेवल्याशिवाय लॅपटॉपला हात लावू देऊ नका.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव भागात अजून कोणाला असा रंगीत रिपोर्ट मिळाला असेल तर हॅशचं पान उघडून बघा, तोच डी४१डी८ वाला आकडा असेल तर रिपोर्ट कोर्टात लावायच्या आधी वकिलाला दाखवा, आणि त्याने तुमच्या ड्रॉइंग्जची कॉपी स्वतःकडे ठेवलीय का ते लेखी विचारा. आमची त्याच्याकडे आहे.