गाव हलवायचं की आहे तिथंच भक्कम करायचं?

पूर ओसरला, दरड कोसळली किंवा भूकंप होऊन गेला की ग्रामसभेपुढे हा प्रश्न येतोच: नव्या जागेवर पुनर्वसन मागायचं, की आहे त्याच गावठाणात घरं मजबूत करून राहायचं? बहुतेक ठिकाणी हे भीतीच्या नाहीतर संतापाच्या भरात ठरतं आणि पुढच्या पिढ्यांना निस्तरावं लागतं. महाराष्ट्रानं या दोन्ही वाटा मोठ्या प्रमाणावर चालून पाहिल्या आहेत. ज्यांच्यापुढे आज हा निर्णय आहे त्यांनी तो अनुभव बघून मग हात वर करावा.

दरडीखालचं गाव

इथं फार चर्चा नको. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. २०२१ मध्ये महाडचं तळिये, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. सुटलेल्या उतारासमोर जाड भिंतीचा काही उपयोग नाही. डोंगराला भेगा पडल्या असतील, झरे अचानक गढूळ येत असतील, तर हलायलाच हवं. मात्र नवी जागाही डोंगरातच असेल तर तिची तपासणी तितकीच कडक हवी. माळीणचं नवं गाव आमडे इथं वसवलं, घरं चांगली बांधली, तरी २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात तिथला भराव आणि रस्ते खचले. नवी जागा म्हणजे सुरक्षित जागा असं धरून चालू नका.

भूकंपाचा पट्टा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली. इतकी का गेली, याचं उत्तर घरांच्या भिंतींत आहे. त्या भागातलं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण असते दोन पदरी: आतला पदर, बाहेरचा पदर, मधे गोटे आणि माती. हादरा बसला की पदर सुटतात, भिंत पोटातून फुगते आणि कोसळते. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं टाकलेली माती मग झोपलेल्यांच्या अंगावर येते. ज्या घरांत आतले लाकडी खांब आणि तुळया नीट जोडलेल्या होत्या, तिथं काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभं राहिलं.

सरकारनं तेव्हा दोन्ही मार्ग घेतले. सर्वांत जास्त हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. बाकी शेकडो गावांत जवळपास दोन लाख घरांना जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत दिली.

नव्या गावांत घरं भूकंपात टिकतील अशी झाली, हा फायदा मोठा आहे. पण घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. ज्याच्याकडे आधीच कमी, त्याला कायमचं कमी मिळालं. २५० फुटांत कणगी कुठं ठेवायची, कडबा कुठं, जनावर कुठं बांधायचं? लोकांनी मग पत्र्याचे आडोसे काढले, चूल बाहेर नेली. रुंद सरळ रस्त्यांमुळे गाव पसरलं. गाव पसरलं की नळ, गटार, दिवे यांची लांबीही वाढते, आणि त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात येते.

जागच्या जागी मजबुतीचा मार्ग कमी खर्चाचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड बसवायचे, छताखाली चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा, माळवदावरची माती उतरवायची. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्यानं आले, आणि गावच्या महिला मंडळांतल्या संवाद सहायकांनी घरोघरी जाऊन काम समजावलं. पुनर्वसनाच्या सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. उणीव एवढीच की लोकांना दगडाचीच धास्ती बसली होती. अनेकांनी त्या पैशांतून बाजूला सिमेंटची एक खोली बांधली आणि जुनी भिंत तशीच राहिली.

भूकंपापुरतं माझं मत स्पष्ट आहे: दोन किलोमीटर सरकून भूकंप चुकत नाही, घर सुधारल्यानं जीव वाचतो. जिथं घराघरांतून माणसं गेली त्या मातीवर पुन्हा चूल मांडणं असह्य होतं, हे कारण मात्र खरं आहे आणि ते कुणी हलकं मानू नये.

नदीकाठचं गाव

खरी अडचण इथं आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, दोनच वर्षांनी ५६ फूट ३ इंचांवर. करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली होती, तरी बरीच घरं गावातच राहिली आणि २०१९ मध्ये तिथून माणसं बोटीनं काढावी लागली. यावरून लोकांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण मळा नदीकाठी, गोठा घराला लागून, पहाटे आणि संध्याकाळी धार काढून दूध डेअरीला घालायचं. म्हैस तिथं आणि माणूस इथं, असा संसार चालत नाही.

म्हणून आधी जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर आपलं घर कुठं येतं ते पाहा. त्यावरची निळी रेषा म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असेल तर तिथं नव्यानं पैसा ओतू नका, हलण्याचीच तयारी करा. निळी आणि लाल यांच्या मधे असेल तर राहता येतं, पण जोतं उंच हवं, वरच्या मजल्यावर धान्य आणि माणसं मावायला हवीत, विजेचा मीटर वर हवा आणि तळमजल्याच्या भिंती मातीच्या नकोत. चार-पाच दिवस पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत कित्येकदा पाणी ओसरताना पडते, लोक घर साफ करायला परतलेले असताना. शिवाय जनावरांसाठी उंचावर कायमचा सामाईक गोठा हवा. तो नसला की माणसं दावणीपाशी थांबतात आणि शेवटच्या बोटीची वाट पाहतात.

हलायचं ठरलंच, तर ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: भूखंडात गोठ्याची आणि पुढच्या खोल्यांची जागा, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, विभक्त झालेल्या मुलांची वेगळी नोंद, आणि जुन्या गावठाणाची जमीन कुणाकडे राहणार याचा लेखी उल्लेख. ही शेवटची गोष्ट मोघम ठेवली तर लोक दोन्हीकडे घर धरून बसतात आणि पुढच्या पुरात पुन्हा बोटी लागतात.