सेमी-ऑटोमॅटिक लेबलिंग मशीन: भांडुपच्या गाळ्यातला १० महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मार्चमध्ये दादरच्या एका दुकानातून आमच्या कोकम आगळाच्या २४ बाटल्या परत आल्या. माल उत्तम होता. दुकानदाराने बाटल्या फळीवर ओळीने लावल्या, तेव्हा एकीचं लेबल वर, दुसरीचं खाली, तिसरीचं कललेलं दिसायला लागलं. फोनवर म्हणाला, "काकी, आगळाला नाव ठेवायला जागा नाही. पण लेबल असं वाकडं असलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं." मला ते फार लागलं. आमच्या दोघी मदतनीस बायका सकाळपासून मान खाली घालून लेबलं चिकटवायच्या, आणि त्यांच्या एवढ्या मेहनतीचं मोल त्या फळीवर कमी होत होतं. त्याच आठवड्यात लेबलिंग मशीन घ्यायचं ठरवलं.

माझा गाळा भांडुप पश्चिमेला आहे, पहिल्या मजल्यावर, साडेतीनशे चौरस फुटांचा. आगळ, कोकम सरबत आणि आवळा सरबत ही मुख्य उत्पादनं. एरवी दिवसाला ५००-६०० बाटल्या निघतात आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत हाच आकडा १,५०० वर जातो. हाताने लेबल लावताना एक बाई तासाला साधारण १३० बाटल्या करते. दोघी मिळून २६०. म्हणजे हंगामात नुसत्या लेबलांसाठी दोन माणसांचे जवळजवळ सहा तास. हे सगळं आधीच सांगते, कारण मशीन कुठलं चांगलं याचं उत्तर तुमच्या या आकड्यांत आहे, कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

मी चार ठिकाणांहून भाव मागवले. या मशीनचे बरेचसे उत्पादक अहमदाबादचे, काही वसईच्या बाजूचे. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन मला ३ लाख ४० हजारांपासून ५ लाख १० हजारांपर्यंत सांगितलं गेलं, वर १८ टक्के जीएसटी. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बाटली हाताने एकेक ठेवायचं मशीन, ४६ हजारांना, आणि त्यावर बॅच नंबर व तारीख छापणारा रिबन कोडर बसवायचे १२ हजार वेगळे. जीएसटी धरून माझे ६८,४४० रुपये गेले.

पण पैशांआधी मी वसईला एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन एक अख्खा दिवस ऑटोमॅटिक मशीनसमोर उभी राहिले. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. ते फिनाइल भरतात. बहुतेक दिवस एकच बाटली, एकच माप, दिवसाला आठ हजार नग. भरलेल्या बाटल्या कन्व्हेयरवरून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, येतात, एक फिरतं चाक दोन बाटल्यांमध्ये अंतर पाडतं, सेन्सर बाटली ओळखतो, लेबल पुढे येतं आणि स्पंजचा पट्टा बाटली गोल फिरवत ते दाबून बसवतो. मिनिटाला साठेक बाटल्या, सगळ्यांची लेबलं एका रेषेत. बघत राहावं असं काम. त्यांच्यासाठी ते मशीन अगदी योग्य आहे, तिथे सेमी-ऑटोमॅटिकचा विचार करणंही चूक ठरेल.

दुपारी मात्र त्यांना अर्धा लिटरवरून एक लिटरवर जायचं होतं. बाजूच्या पट्ट्या सरकव, चाकाचं अंतर बदल, लेबल सोडणाऱ्या भागाची उंची बदल, मग दहा-पंधरा बाटल्या वाया घालवून पुन्हा जमव, यात पाऊण तास गेला. ते महिन्यातून तीन-चारदा असं करतात. मी दिवसातून तीनदा माप बदलते! सकाळी ७५० मिली आगळ, जेवणापर्यंत ५०० मिली सरबत, दुपारी आवळा. तिथेच एकदा रोल सरकला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत वीसेक बाटल्या चुकीच्या लेबलाने पुढे गेल्या. वेग असला की चूकही त्याच वेगाने होते.

दुसरी गोष्ट मला घरी येऊन हिशेब मांडल्यावर कळली. माझं भरायचं मशीन दोन नळ्यांचं, आणि झाकण बसवायचं मशीन मिनिटाला आठ बाटल्यांच्या पुढे जात नाही. मग साठच्या वेगाचं लेबलिंग मशीन आणून मी त्याला बाटल्या कुठून पुरवणार होते? माझ्या ओळीत सगळ्यात हळू काम झाकणाचं आहे. लेबलिंगचा वेग त्याच्यापेक्षा थोडा जास्त असला की पुरे. शिवाय जागा. कन्व्हेयर आणि बाटल्या गोळा करायचं फिरतं टेबल धरून ऑटोमॅटिकला माझ्या गाळ्याची एक अख्खी भिंत लागली असती, आणि आमच्या इमारतीच्या मालाच्या लिफ्टमध्ये ते उभं मावलंही नसतं. सेमी-ऑटोमॅटिक दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवलं. घरच्यासारख्या साध्या सिंगल फेज प्लगवर चालतं.

बँकेतल्या साहेबांनी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेचं सुचवलं होतं. तिच्यात तेव्हा पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळत होतं, जास्तीत जास्त १० लाख. योजना चांगली होती. पण ३५ टक्के सरकारचे म्हणून उरलेल्या रकमेचा हप्ता माझ्यासाठी हलका होत नव्हता, आणि ऑटोमॅटिक मशीन दिवसाचे सहा तास नुसतं उभं राहिलं असतं.

आता मशीनबद्दल. बाटली दोन रोलरांवर आडवी ठेवायची, तोंड डावीकडे. पायाखालचं बटण दाबलं की रोलर बाटलीला फिरवतात आणि लेबल तिच्याभोवती बसतं. लेबल सुटतं कसं हे समजून घेतलंत तर निम्म्या तक्रारी तुम्ही स्वतः सोडवाल. लेबलाखालचा गुळगुळीत कागद एका पातळ धारेच्या पट्टीवरून झटकन मागे वळवला जातो. कागद वळतो, लेबल ताठ असल्यामुळे वळत नाही, ते कागद सोडून सरळ पुढे येतं आणि बाटलीला भिडतं. म्हणून लेबल फार लवचीक असेल, किंवा त्या धारेवर गोंद साचला असेल, तर लेबल सुटतच नाही, कागदाबरोबर मागे निघून जातं. आम्ही रोज संध्याकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ कापड भिजवून ती पट्टी पुसतो. ब्लेडने खरवडायची नाही, धारेला एक ओरखडा गेला की लेबल तिथेच फाटायला लागतं.

विक्रेता मिनिटाला २५ ते ३० बाटल्या म्हणाला होता. त्याने प्रात्यक्षिक दाखवलं ते रिकाम्या, कोरड्या बाटलीवर, आणि स्वतःच्या सरावलेल्या हाताने. आमच्याकडे भरलेल्या बाटलीवर, पुसून, ठेवून, उचलून, मिनिटाला १२ ते १४ होतात. १,५०० बाटल्या दोन तासांत, एका बाईकडून. मला हे पुरेसं आहे, पण त्याने तो आकडा तसा सांगायला नको होता. तुम्ही बघायला जाल तेव्हा आपली बाटली, आपला माल भरून, आपल्या लेबलांचा रोल घेऊन जा, आणि मशीन आपल्या माणसाला चालवू द्या. मी पहिल्या भेटीत नुसती बघून आले, दुसऱ्यांदा आमच्या दोघी मदतनीसांतल्या मोठ्या ताईंना सोबत नेलं. त्यांनी पाच मिनिटांत विचारलं, "वहिनी, दिवसभर हा पाय दाबत बसायचं?" त्या एका प्रश्नामुळे आम्ही बाटली ठेवताच आपोआप सुरू होणारा सेन्सर बसवून घेतला. विक्रेत्याने तो त्याच भावात दिला. पायाचं बटण आता टेबलाखाली पडून आहे.

लेबलांचा खर्च मशीनच्या खर्चात कुणी धरत नाही, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आधी आम्ही शीटवर छापलेली लेबलं वापरायचो, मशीनला रोल लागतो. छापणाऱ्याने एका प्रकारची कमीत कमी ५,००० लेबलं घ्यायला सांगितली. आगळाला ते चालतं. पण जिरं-कोकम महिन्याला जेमतेम ३०० बाटल्या जातं, त्याची लेबलं वर्षभराहून जास्त पुरतील. शेवटी कमी खपाच्या तीन सरबतांसाठी एकच लेबल केलं, एक चौकोन कोरा ठेवला आणि त्यात नाव व घटक यांचं छोटं स्टिकर हाताने लावतो.

पहिला रोल आला तो उलट्या दिशेने गुंडाळलेला. लेबलं बाटलीवर डोक्यावर उभी राहायला लागली. बाटली फिरवून ठेवावी तर मान अडते. छापणाऱ्याला कुठली कड आधी बाहेर यायला हवी हे मी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. सगळे रोल परत नेऊन पुन्हा गुंडाळून आणले, हंगामातले चार दिवस गेले. ऑर्डर देताना मशीनवाल्याकडून कागदावर चित्र काढून घ्या: कोणती कड आधी, आतली पुठ्ठ्याची नळी किती इंची (आमची ३ इंची), दोन लेबलांत अंतर किती (आमचं ३ मिलिमीटर). तो कागद छापणाऱ्याच्या हातात द्या.

मला पारदर्शक लेबल हवं होतं. आगळाचा रंग हाच त्याचा खरा दागिना, तो झाकू नये असं वाटायचं. पण या मशीनचा सेन्सर दोन लेबलांमधली फट प्रकाशाने ओळखतो. लेबलच पारदर्शक असलं की त्याला लेबल आणि फट यांतला फरक कळत नाही, मग एकदम दोन-दोन लेबलं बाहेर. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा सेन्सर लागतो, त्याचे मला १८ हजार सांगितले. नाही घेतला. पांढरं प्लास्टिकचं लेबल घेतलं आणि ते अरुंद केलं, म्हणजे बाटलीचा वरचा भाग मोकळा राहतो.

कागदी लेबल आधी वापरून पाहिलं होतं. जुलैत मुंबईची हवा अशी होते की गाळ्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. कागदाच्या कडा आठवड्यात उचलल्या. प्लास्टिकचं लेबल तसं करत नाही, मात्र बाटली कोरडी हवी. आगळात मीठ असतं, भरताना एक थेंब ओघळला तरी तिथे चिकट, ओलसर पट्टा राहतो आणि लेबलाखाली फुगा येतो. आम्ही आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसतो. आणि गरम भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर लगेच लेबल लावायचं नाही, बाटली थंड होताना आकसते आणि लेबलावर सुरकुत्या पडतात. सरबत आम्ही आता दुपारी भरून दुसऱ्या दिवशी सकाळी लेबलाला घेतो.

रिबन कोडरवर मी सगळ्यात जास्त खूश आहे. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार बाटलीवर निव्वळ माप, एमआरपी, उत्पादनाची तारीख, आपलं नाव-पत्ता सगळं वाचता येईल असं हवं. १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका लेबलवर छापलेलाच असतो. पण तारीख आम्ही रबरी शिक्क्याने मारायचो आणि ती बोटाने पुसली जायची. आता ती तापलेल्या अक्षरांनी रिबनवरून उमटते आणि पुसत नाही. अक्षरं हाताने बसवावी लागतात, म्हणून सकाळचं पहिलं लेबल आमची धाकटी मदतनीस वहीत चिकटवते आणि मी सही करते. दहा महिन्यांत चुकीच्या तारखेची एकही बाटली बाहेर गेलेली नाही.

सेवेबद्दल मात्र समाधान नाही. पाचव्या महिन्यात दाबणाऱ्या रबरी रोलरला खाच पडली आणि प्रत्येक लेबलावर एक रेघ उमटायला लागली. फोन केला, तर माणूस यायला सहा दिवस लागतील म्हणाले. मी रोलर काढून पिशवीत घातला, मस्जिद बंदरला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटवर दोन दुकानं फिरून त्याला नवीन रबर चढवून घेतलं. मशीन साधं असल्यामुळे हे शक्य झालं. त्याचा गोल पट्टाही तिथे मिळतो, दोन जादा आणून ठेवलेत. घेताना विक्रेत्याला विचारा, कुठले भाग बाजारात मिळतात आणि कुठले फक्त तुमच्याकडे. सेन्सर आणि मोटर चालवणारं सर्किट फक्त त्यांच्याकडे, बाकी सगळं मुंबईत मिळतं.

माझ्यासारखे दिवसाला दोन हजारांच्या आत बाटल्या काढणारे, मापं आणि चवी सतत बदलणारे असाल तर सेमी-ऑटोमॅटिक घ्या, कोडरसकट घ्या. चार-पाच हजारांच्या पुढे एकच बाटली रोज चालत असेल आणि भरणं व झाकण लावणं त्याच वेगाने होत असेल, तर ऑटोमॅटिकच. मधल्या आकड्यांना मी दोन सेमी-ऑटोमॅटिक सुचवेन, एक बंद पडलं तरी दुसरं चालतं.

दादरच्या त्या दुकानदाराकडे मेमध्ये स्वतः बाटल्या घेऊन गेले. त्याने सहा बाटल्या फळीवर लावल्या, मागे सरकून पाहिल्या आणि चार खोक्यांची ऑर्डर लिहून दिली. मोठ्या ताईंना आता मानेचा पट्टा लावावा लागत नाही. त्या भरण्याच्या कामावर गेल्या आणि मशीन धाकटी चालवते.

एक काम अजून मशीनवर जमलेलं नाही. आमची २०० मिलीची बाटली खाली निमुळती आहे, तिच्यावर लेबल फिरता फिरता तिरकं चढतं. रोलर कलते करायची सोय या मशीनला नाही, आणि तेवढ्यासाठी बाटली बदलायला मन होत नाही, कारण ती लोकांच्या हातात बसलेली आहे. दिवसाला साठ-सत्तरच असतात. त्या जेवणानंतर आम्ही तिघी मिळून हातानेच लावतो.