ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी: निगेला पैकीच्या पैकी, गर्दीच्या नियोजनाला थोडे कमी

अमेरिकेच्या पूर्व भागात जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, 14 राज्यांतून जाणारी ॲपलेशियन ट्रेल ही पायवाट सुमारे 3,500 किलोमीटरची आहे. 1925 मध्ये स्थापन झालेली ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था आणि तीसएक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक तिची निगा राखतात.

खुणा चोख आहेत. झाडावर 2 इंच रुंद, 6 इंच उंच पांढरा पट्टा दिसला की वाट बरोबर. एकावर एक दोन पट्टे म्हणजे पुढे वळण आहे किंवा जपून चला. निळे पट्टे पाण्याकडे, निवाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यांचे.

खरं कौतुक मात्र पाण्याच्या निचऱ्याचं. पायवाट मोडते ती मुख्यतः पाण्यामुळे: उतारावरून वाटेनेच धावणारं पाणी माती नेतं, चर पडतो, मग लोक कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून पाणी वाटेबाहेर वळवायला वाटेत तिरका, साधारण 45 अंशांत, दगडाचा किंवा ओंडक्याचा आडबांध बसवतात. ओंडक्याचा बराचसा भाग जमिनीत गाडावा लागतो, नाहीतर तो उखडतो. कोन काटकोनाकडे गेला की पाण्याचा वेग मरतो, गाळ तिथेच बसतो आणि पुढच्या पावसात पाणी बांधावरून उडी मारतं. पानगळीनंतर पाणी बाहेर पडायचं तोंड कुदळीने मोकळं करणं हे कंटाळवाणं काम, पण अख्खी वाट त्यावरच तगते. ते नेमाने करणाऱ्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

वाटेभोवती 4 फूट रुंद आणि 8 फूट उंच मोकळी जागा ठेवायची, हे संस्थेचं माप. संरक्षित रानाच्या पट्ट्यात यांत्रिक करवतीला बंदी असल्याने तिथली पडलेली झाडं हातकरवतीने कापतात. त्यामुळे वादळानंतर वाट मोकळी व्हायला वेळ लागतो, तो समजून घ्यावा.

कमी पडतं ते गर्दी टाळायच्या पर्यायांच्या प्रसिद्धीत. संपूर्ण वाट चालणारे बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातूनच निघतात. सुरुवातीचे निवारे भरतात, तंबू झाडोऱ्यावर पसरतात. संस्थेची नोंदणी मोफत आणि ऐच्छिक आहे, कोणत्या तारखेला किती जण निघणार हे त्यात दिसतं. शांत तारीख निवडायला ती जरूर वापरा. वाटेच्या मध्यावरून, हार्पर्स फेरी या गावाहून, उत्तरेकडे निघून मग परत येऊन दक्षिणेचा भाग चालायचा पर्यायही संस्था सुचवते. तो आणखी ठळकपणे पुढे आणायला हवा.

एक पक्कं लक्षात ठेवा: ही नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. वाटेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान आणि कटाडिन ज्यात आहे ते बॅक्स्टर पार्क, यांचे परवाने वेगळे घ्यावे लागतात.

आडवं पडलेलं झाड दिसलं तर कळवताना कोणत्या दोन निवाऱ्यांच्या मध्ये, खोडाची जाडी किती आणि खालून किंवा वरून जाता येतं का, एवढं लिहा. खोड किती जाड आहे त्यावरच कोणती करवत आणि किती माणसं पाठवायची ते ठरतं.