३५ दिवसांत काढलेला क्रुसेडचा सिनेमा, आणि त्यात एकही लढाई नाही

ऐतिहासिक सिनेमा काढायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला विषय बजेटचा निघतो. किती घोडे, किती मावळे, व्हीएफएक्स कोण करणार, आणि पैसे कमी पडले की तो कॉम्प्युटरवरचा किल्ला बघूनच प्रेक्षकाचा मूड जातो. म्हणून नाशकात जी पोरं एकांकिका, शॉर्ट फिल्म वगैरे करतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा द सेव्हन्थ सील बघाच. १९५७ चा स्वीडिश सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट, ९६ मिनिटं. क्रुसेडवरून, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिश्चनांनी मुसलमानांशी केलेल्या धर्मयुद्धावरून, घरी परतणाऱ्या नाइटची (घोडेस्वार सरदाराची) गोष्ट आहे, आणि अख्ख्या सिनेमात क्रुसेडचा एक सीन नाही. (पुढे गोष्ट सांगितलीय, ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी बघून मग वाचा.)

अंतोनियस ब्लॉक नावाचा सरदार आणि त्याचा चाकर यॉन्स दहा वर्षांनी मायदेशी येतात तर गावोगाव प्लेग. समुद्रकिनाऱ्यावर काळा झगा घातलेला, पांढऱ्या चेहऱ्याचा मृत्यू समोर उभा राहतो, न्यायला आलोय म्हणतो, आणि हा त्याला बुद्धिबळ खेळायला बसवतो. खेळ चालू आहे तोवर जीव आहे. पण याला नुसता जीव वाचवायचा नाहीये, याला उत्तर पाहिजे. देवासाठी दहा वर्षं घालवली, माणसं मारली असतील, मरताना बघितली असतील, आणि आता आतून देव गप्प आहे. विश्वास ठेवून गप्प बसणं त्याला जमत नाही, देव नाही म्हणून मोकळं होणंही जमत नाही. त्याला नक्की काय ते कळायला हवंय, आणि तेच कुणी सांगत नाही.

मृत्यूशी बोलणारा माणूस आपल्याला नवा नाही. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला, सावित्रीने तर बोलून बोलून नवरा परत आणला. पण आपल्या गोष्टीत यमाला माहीत असतं, तो आधी टाळतो पण शेवटी नचिकेत्याला सांगतो. इथे नाइट विचारतो, तुझ्याकडे काही गुपित आहे का, तर मृत्यू म्हणतो माझ्याकडे काहीच नाही. म्हणजे ज्याच्याकडे शेवटचं उत्तर असेल असं वाटलं तोही रिकामा! मला हा सीन बघताना खरंच धस्स झालं. आणि तुकोबा आठवले, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली तो माणूस, जो एका अभंगात आपल्या लेखी देव मेला असं सरळ म्हणून जातो. पण तुकोबांचं भांडण घरातल्या माणसाशी असल्यासारखं आहे, समोर कुणीतरी ऐकतंय हे धरून. ब्लॉकला समोर कुणी आहे की नाही हेच कळत नाही, त्यामुळे त्याला भांडताही येत नाही. श्रद्धेवर शंका घेणारे सिनेमे पुष्कळ असतील, पण शंका घेणाऱ्याला इतक्या मायेने दाखवणारे कमी.

कन्फेशनचा, म्हणजे चर्चमध्ये पाद्र्यापुढे आपली पापं कबूल करायचा, सीन तर एकांकिकावाल्यांनी अभ्यासाला घ्यावा. नाइट जाळीपलीकडच्या पाद्र्याला मन मोकळं करून सगळं सांगतो, बोलता बोलता उंट आणि घोड्याची आपली चालही सांगतो, आणि पलीकडे पाद्री नाही, मृत्यूच बसलेला असतो. एक भिंत, एक जाळी, दोन नट. काय खर्च आला असेल? नाइटचं काम करणारा मॅक्स फॉन सिडोव तेव्हा फक्त २७ वर्षांचा होता, चेहऱ्यावर मात्र दहा वर्षांचा थकवा दिसतो.

क्रुसेडचं थोडं सांगतो. १०९५ ला पोप अर्बन दुसरा याने हाक दिली, १०९९ ला जेरुसलेम घेतलं, ११८७ ला मुस्लिम सुलतान सलाउद्दीनने परत जिंकलं, १२९१ पर्यंत तिकडचं शेवटचं मोठं ठाणंही गेलं. आणि प्लेग स्वीडनला पोचला १३५० च्या आसपास. म्हणजे तारखा जुळत नाहीत, शिवाय सिनेमात एका पोरीला चेटकीण म्हणून जाळतात, पण तसं बायका जाळायचं स्वीडनमधलं मोठं सत्र सतराव्या शतकातलं. इतिहास म्हणून बघणाऱ्याला हे खटकेल. मला चालतं, कारण बर्गमनने गोष्ट घेतलीय चर्चमधल्या जुन्या भित्तिचित्रांतून. वडील पाद्री, लहानपणी त्यांच्याबरोबर खेड्यातली चर्चं बघत फिरलेला. ताबी नावाच्या ठिकाणी आल्बर्टस पिक्टरने पंधराव्या शतकात काढलेलं चित्र आजही आहे, माणूस आणि मृत्यू पटावर समोरासमोर. अशा चित्रात सगळे काळ एकत्रच नांदतात.

क्रुसेडचा राग मात्र आहे, तो रावल नावाच्या पात्रात आहे. याच विद्वानाने दहा वर्षांपूर्वी ब्लॉकला धर्मासाठी जा म्हणून पटवलं होतं, आणि आता तो प्लेगने मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने चोरतोय. भाषण नाही, फ्लॅशबॅक नाही, एवढ्यात सगळं युद्ध कळतं. स्वतःला चाबकाने मारत जाणाऱ्या लोकांची मिरवणूक येते तिथे माझ्यासोबत बघणारी पोरं एकदम गप्प झाली. पोतराज आपण लहानपणापासून बघितलाय, पण तो पोटासाठी आणि देवीसाठी, इथे लोक भीतीने मारून घेतायत. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये जो कुणी अमरधामबाहेर नंबर लागायची वाट बघत थांबलाय त्याला हा प्लेग कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता बजेटचं. मुळात ही एकांकिका! बर्गमनने स्वीडनमधल्या माल्मो शहरात नाट्यविद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. सिनेमाला कंपनी आधी नाहीच म्हणाली होती, मग १९५६ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला त्याची एक कॉमेडी गाजली तेव्हा हो म्हणाले, पण अट घातली की शूटिंग ३५ दिवसांत उरकायचं. बहुतेक सगळं स्टॉकहोमजवळच्या स्टुडिओत आणि त्याच्या आवारात, बाहेर हॉव्स हल्लारच्या किनाऱ्यावर मोजकेच सीन. शेवटी टेकडीवर मृत्यूच्या मागे हात धरून नाचत जाणारी जी रांग आहे, जी सगळ्या जगाला माहितीये, ती शूट केली तेव्हा बरेच नट घरी गेले होते. आभाळात ढग छान आले म्हणून टेक्निशियन आणि फिरायला आलेल्या एकदोघांना कपडे चढवून घाईघाईत घेतली. लांबून काळ्या आकृत्याच दिसतात, कोण कोण आहे कळायचं कारण नाही. आपल्या त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ ला नाशकात येऊन बंगल्यात सिनेमे काढत होते, सावित्री आणि यम त्यांनी इथेच शूट केले, आणि युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या. त्या गावात बसून आपण पैसे नाहीत म्हणून थांबायचं हे मला पटत नाही.

सगळंच आवडलं असं नाही. लोहार, त्याची पळून गेलेली बायको आणि तिला नेणारा नट हा विनोदी ट्रॅक लांबतो, मधे दहा मिनिटं कमी केली असती तर काही बिघडलं नसतं. यॉन्स एका मुक्या मुलीला वाचवून सोबत घेतो, तिला जवळजवळ शेवटपर्यंत नुसतं बघत उभं ठेवलंय, तिचं काय म्हणणं आहे हे मला हवं होतं. यॉन्स स्वतः मात्र फार आवडला, देव वगैरे मानत नाही पण समोरच्याला मदत करायला पहिला हाच उठतो, मालक विचार करत बसतो तोवर.

आणि योफ-मियाचं फिरत्या तमासगिरांचं कुटुंब. मिया नाइटला रानातल्या स्ट्रॉबेरी आणि दुधाचा वाडगा देते, संध्याकाळ आहे, बाळ आहे, गप्पा चालल्यात. दहा वर्षांत मिळालं नाही ते याला तिथे थोडं मिळतं, आणि म्हणून पुढे पटावरच्या सोंगट्या मुद्दाम पाडून तो मृत्यूला गुंतवून ठेवतो, तेवढ्यात ही माणसं निसटतात. देव आहे की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही, तरी हातून एक काम होतं. बर्गमनने उत्तर दिलं नाही हे त्याचं मोठेपण, खोटं उत्तर देणं फार सोपं होतं.

बघताना मूळ स्वीडिश आवाजातच बघा इंग्लिश सबटायटल लावून, डब केलेला नको. मोबाइलवर तर अजिबात नको, गुन्नार फिशरच्या कॅमेऱ्यातला काळा-पांढरा त्यावर मातीमोल होतो. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल त्यांनी निदान कन्फेशनपर्यंत नेटाने बसा, सुरुवातीच्या अर्ध्या तासातच येतो तो सीन. तिथेही आत काही हललं नाही तर खुशाल बंद करा, माझी तक्रार नाही.