घरचं मेडिकल की ऑनलाइन औषधं?

सांगलीत मारुती रोडवरच्या आमच्या घरच्या मेडिकलच्या काउंटरमागे माझी ४० वर्षं गेली. दरात ऑनलाइनवाले पुढे आहेत, मान्य. बीपीच्या ठरलेल्या गोळ्या खुशाल तिथून मागवा.

पण रात्री पोराला ताप चढला की शटर आमचंच वाजतं. खेड्यावरची आजी रिकामी स्ट्रिप पुढे करते, "हीच दे रे बाळा." स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा तिच्याकडेच जाईल, एवढं मी बघतोच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. आमच्या फ्रिजमधून ते थेट गिऱ्हाइकाच्या हातात जातं. (गोठलं तर मात्र वापरू नका.)

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी चौकात आलं, तेव्हा आधी औषधांची खोकी माळ्यावर चढवली, गल्ला नंतर.